मधून शिवलेली वाकळ

कौसाक्का गेल्या तेव्हा मी पोखर्णीला, माहेरी होते. भावाकडं नरसिंहाचा नैवेद्य होता, म्हणून एका रात्रीसाठी गेले होते. निघताना आक्का खाटेवरून म्हणाल्या होत्या, "जा की मंगल, मी काय लगेच मरायले व्हय?" दुसऱ्या दिवशी जेवणाची पंगत बसायच्या आत नवऱ्याचा फोन आला. "आक्का गेली," एवढंच. भावानं मोटारसायकल काढली. सासरी, पेडगावात, दारात माणसं जमलेली, बायकांचा हुंदका रस्त्यापर्यंत येत होता, आणि मला सगळ्यात आधी दिसलं ते अंगणाच्या कडेला सुतळीनं बांधून ठेवलेलं आक्कांचं अंथरूण. गादी, उशी, आणि वर त्यांची वाकळ. आमच्याकडं गोधडीला वाकळच म्हणतात. माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण शिवेबाहेर टाकायचं, पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, ही रीत मला काही नवी नव्हती. सासऱ्यांच्या वेळी मीच ते बांधलं होतं. पण त्या दिवशी मी सुतळी सोडली, वाकळ ओढून काढली, झटकली आणि काखेत घेऊन घराकडं वळले. चुलत सासरे तात्या आडवे आले. "मंगल, मड्यावरचं हाय ते." मी म्हटलं, "तात्या, आधी मला आक्काला बघू द्या. भांडायचं ते मागून भांडू." मग आत गेले, वाकळ माझ्या पेटीत ठेवली, आणि त्यानंतर रडले.

आता काही आठवडे उलटले. गावात बोलणं चालूच आहे. बोलणारं तोंड धरता येत नाही, म्हणून म्हटलं, आपणच एकदा सगळं लिहून टाकावं.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. लग्न करून हैदराबादला गेल्या, तिथं एका रजईच्या कारखान्यात कामाला लागल्या. काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणून उभी केली आणि म्हणाला, तीपण राहील, तूपण राहा. आक्कांनी भांडण केलं नाही, पंच बसवले नाहीत. स्वतःच्या कमाईची मशीन तेवढी टेम्पोत घातली आणि पेडगावला आल्या. सासूबाई दारात उभ्या. "किती दिसांसाठी आलीस?" आक्का टेम्पोतून मशीन उतरवत होत्या. "मशीन घेऊन कुणी पाव्हणं येतंय का, आई?" मी तेव्हा नवी नवरी. सासरी कोणी असं बोलतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि पदराआड हसले ते आक्कांनी बरोबर पाहिलं. तिथून आमचं जे जमलं ते जमलंच. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमच्या घरात ते कधी आलंच नाही, कारण विळा सगळा आक्कांनी बाहेरच्यांसाठी राखून ठेवला होता.

रस्त्याकडंची खोली त्यांनी घेतली आणि मशीनवर वाकळी शिवायचं काम सुरू केलं. आपण साधी शिलाई मारतो तेव्हा मशीनचे खालचे दाते कापड पुढं ढकलतात. आक्का ते दाते खाली बसवून टाकायच्या. मग कापडाला ढकलणारं कुणी उरत नाही. सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड आपण दोन्ही तळहातांनी हवं तसं फिरवायचं. त्यांच्या हातातून वेली निघायच्या, नदीच्या वळणासारख्या रेषा निघायच्या, खाली खडूची एक खूण नसताना. जिथं कमान किंवा पाकळी अगदी नेमकी हवी असेल तिथं फर्मा लागायचा. फर्मा म्हणजे त्या आकाराची जाड पट्टी. ती कापडावर दाबून धरायची आणि सुईभोवतीचा लोखंडी पाय तिच्या कडेला घासत कापड फिरवायचं. हैदराबादहून आणलेले फर्मे लाकडाचे होते. ते झिजले तेव्हा आक्का मला घेऊन पाथरीला गेल्या, दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडं. तो म्हणाला, "बोर्ड किस नाम का बनाना, खाला?" आक्का म्हणाल्या, "नाम नको बाबा, चंद्राची कोर काप. जाड काप. पातळ पट्टीवर मशीनचा पाय चढतो आणि सुई डोळ्यात येती." त्यानं पारदर्शक प्लॅस्टिकच्या चंद्रकोरी कापून दिल्या आणि आम्ही जाईपर्यंत आक्कांकडं बघत राहिला.

हे सगळं गावाला बघायला आवडायचं. दारात बायका उभ्या राहायच्या. पण त्या शिवणाला वाकळ म्हणायला कुणी तयार नव्हतं. "रजई म्हणा तिला, वाकळ न्हाई ती," असं सगळ्यात आधी म्हणाल्या त्या आमच्या सासूबाई, आक्कांची सख्खी आई. सासूबाई हातच्या वाकळीसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या. हातची वाकळ कडेनं सुरू होते. चारी बाजूंनी धावदोरा घालत, गोल गोल आत येत, शेवटी मध्ये हातभर जागा उरते. ते वाकळीचं पोट. त्यात हळदकुंकू आणि ज्वारीचे चार दाणे ठेवायचे आणि मग तोंड बंद करायचं. उपाशी पोटाची वाकळ अंगावर घेतली की घर उपाशी राहतं, असं सासूबाई सांगायच्या. मशीनचं नेमकं उलटं. कडेनं शिवत आलं तर आतले लुगड्यांचे थर मध्ये गोळा होतात, चुण्या पडतात. म्हणून मशीनवर मधून सुरुवात करायची आणि कडेकडं जायचं. म्हणजे पोट आधीच शिवून बसलं! सासूबाईंनी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

माझ्या शीतलचा जन्म झाला तेव्हा आक्कांनी तिच्या पाळण्यासाठी वाकळ शिवायला घेतली. माझ्या आईचं एक लुगडं, सासूबाईंचं एक, आणि माझी लग्नातली हिरवी साडी. रीत पाळायची म्हणून त्यांनी आधी मध्ये हळदकुंकू टाकलं, ज्वारीचे दाणे टाकले, थर लावले आणि मशीन चालू केली. चौथ्या-पाचव्या वळणाला सुई दाण्यावर बसली. फाट्‌कन मोडली, तुकडा भिंतीवर गेला. आक्कांनी मशीन थांबवली. मग जोरात हसल्या. "आईची ज्वारी लय कडक हाय गं, मंगल." हैदराबादच्या कारखान्यात सगळं शिकवलं असेल, पण सुईखाली ज्वारी येऊ देऊ नये हे तिथं कोण कशाला सांगेल? त्यांनी थर उसवले, दाणे काढले, मधून शिवत कडेपर्यंत आल्या, आणि शेवटी एक कोपरा हाताएवढा उघडा ठेवून हळदकुंकू आणि दाणे तिथं भरले. तो कोपरा हातानं शिवला.

बारशाला बायकांनी वाकळ उलटीपालटी करून पाहिली. टाके हाताचे नाहीत, दाणे कोपऱ्यात. एक म्हातारी म्हणाली, "पोट मधी असतंय बाई, कोपऱ्यात न्हाई." आक्कांनी ताडकन उत्तर दिलं, "पोटुशी बाई बघितली न्हाई का मावशी? तिचं पोट तर सारखं हालतंय. एका जागी कुठं ऱ्हातंय?" बायका हसल्या, पण हसून मोकळ्या झाल्या. कुणी म्हणालं, लेकराला लागंल, बाधा व्हईल. कुणी नुसतं आक्कांच्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं, मंगळसूत्र त्यांनी केव्हाच काढून ठेवलं होतं... सासूबाई उठल्या, पाळण्यातली वाकळ काढली, तिची घडी घातली आणि स्वतःच्या हातची अंथरली. मी "आई, राहू द्या की," म्हणाले. माझं कोण ऐकतं? आक्कांनी घडी हातात घेतली, छातीशी धरली. "बरं. पोरीला चालत न्हाई ना? मग मी पांघरते. बघू कुणाला काय लागतंय ते."

आणि पांघरली. पाळण्याची वाकळ मोठ्या माणसाला कशी पुरायची? त्यांनी तिला चारी बाजूंनी नवी पट्टी जोडली, पुढं अजून एक, मग अजून एक. मधून बाहेर वाढणारी वाकळ असल्यानं ती वाढतच गेली. परभणीच्या दुकानांत त्यांचं काम रजई म्हणून विकलं जायचं. त्याचं त्यांना काही नव्हतं. "दुकानात रजई म्हणू द्या, घरात वाकळच म्हणायचं," असं त्या शीतलला बजावायच्या. शीतल शाळेतून आली की दप्तर टाकून आत्याच्या वाकळीत घुसायची. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. शेवटच्या आजारात आक्कांना थंडी वाजायची, भर दुपारीसुद्धा. मी घरातली दुसरी, मऊ चादर द्यायला गेले की त्या हात हलवून नको म्हणायच्या.

त्याच वाकळीला सुतळी बांधून शिवेबाहेर टाकायला निघाले होते. नवी होती तेव्हा लेकराला चालली नाही, जुनी झाली तेव्हा घराला चालेना. आक्कांच्या जाण्याचं मला दुःख आहे, पण खरं सांगते, राग जास्त आहे. तो जात नाही आणि मी घालवायला बघतही नाही.

दहाव्याला पाहुणे जमले. जेवणं झाल्यावर तात्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला. घरात आजारपण येईल, अजून कुणाला काही होईल, मंगलला समजवा. माझा नवरा खाली बघत बसला. शीतल परभणीच्या कॉलेजातून आली होती. ती उठली, माझ्या पेटीतून वाकळ काढून घेऊन आली. तात्यांना वाटलं, पोरगी शहाणी निघाली, द्यायला आणली. शीतलनं ती ओसरीच्या मधोमध अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"ही आत्याची न्हाईच," ती म्हणाली. "माझ्या बारशाला माझ्यासाठी शिवली होती. तुमी घेऊ दिली न्हाई, म्हणून आत्याकडं ठेवायला होती. आत्या मेली म्हणून माझी वस्तू तुमी कशी टाकायलेत?"

तात्या सासूबाईंकडं वळले. "वैनी, तुमी सांगा की हिला." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दहा दिवसांत निम्म्या झालेल्या. त्यांनी हात लांब करून वाकळीचं टोक ओढलं, डोळ्यांजवळ नेलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हिच्या बारशाचीच हाय. मीच घडी घातली होती." तात्या म्हणाले, "पण वैनी, मशीनची..." "मशीनचीच हाय," सासूबाई म्हणाल्या, "पण पोरीची हाय." आणि टोक सोडलं. तात्या चपला घालून गेले. वाकळ शीतल परभणीला घेऊन गेली. ती आणि खोलीतली तिची मैत्रीण, दोघी पांघरतात म्हणे.

रस्त्याकडंची खोली आठ-पंधरा दिवस बंद होती. एका दुपारी सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "ती मशीन चालीव की गं. घर लय गप झालंय." इतकी वर्षं त्या आवाजानं डोकं उठतं म्हणून लेकीशी भांडलेली बाई! मी म्हटलं, "आई, मला येत नाही. माझ्या रेषा वाकड्या जातात." "जाऊ दे वाकड्या," त्या म्हणाल्या. "मधून शिवायला घे." मी दोन जुन्या साड्या काढल्या, त्यांतली एक आक्कांची. फर्मा अजून हातात बसत नाही, पाकळी एकीकडं जाते आणि सुई दुसरीकडं. शेजारून निरोप आला, दुपारची झोप मोडते, दार तरी लावा. मी दार सताड उघडं ठेवते. ज्याला आवाज सोसत नसेल त्यानं आपलं लावून घ्यावं.