उलट्या छत्रीतले कोळी

देवदाराच्या जंगलातले कोळी शोधायला सर मुलांना घेऊन हिमाचलात गेले आणि मला म्हणाले, "तू मुंबईतच बघ काहीतरी." का, तर मी मुलगी! डोक्यात तिडीक गेली माझ्या. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, दिवाळीनंतर प्रबंध द्यायचा, नाही दिला तर वर्ष बुडालं. म्हटलं, देवदार नाही तर नाही, गोराईला सुरूचं बन आहे. सुरू त्या जातीतला नव्हे, पण दिसायला सगळा सुयांचाच. बघतेच, त्यात कोण कोण राहतं ते.

दर रविवारी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडायची. फांदीखाली बाबांची छत्री उलटी धरायची आणि काठीने फांदी झोडायची. काळ्या कापडावर कोळी दिसेनात, तेव्हा आईने जुन्या धोतराचं पांढरं अस्तर आतून शिवून दिलं. मग काय, झकास! शेंड्याच्या सुयांत लांबट हिरवे, सालीच्या फटीत चपटे करडे, खाली पडलेल्या सुयांच्या थरात उड्या मारणारे बुटके. एका झाडावर तीन बिऱ्हाडं आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही. आमच्या चाळीत असं असतं तर!

प्रत्येक कोळी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, स्पिरीटमध्ये. बाहेरून कागद चिकटवायचा: कुठलं झाड, झाडावर कुठे. खरं मोल त्या कागदाला. तो राहत कुठे होता हे माहीत नसेल, तर उरतो नुसता मेलेला कोळी.

गणपती तोंडावर आले. एका संध्याकाळी घरी येऊन बघते तर फळीवर साठेक बाटल्या लखलखीत, उंचीप्रमाणे ओळीत, आणि कागद एकीवरही नाही. आईने सोड्याच्या पाण्यात खळबळून काढल्या होत्या. गणपतीआधी आमच्या घरात खुंटीसुद्धा घासल्याशिवाय सुटत नाही.

"आई, वाट लावलीस गं माझी!" मी किंचाळलेच.

"माका काय म्हायत? घाण कागद होते, काढलंय. तुझ्या कोळ्यांक हात नाय लावलंय."

मी जेवले नाही. तीही जेवली नाही.

सकाळी ती एकेक बाटली उजेडात धरून बसली होती. "ह्यो चपटो, सालीतलो. ह्यो हिरवो, शेंड्यावरचो." माझी बडबड ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. बहुतेक बरोबरही असेल. पण अंदाजाने प्रबंध लिहायचा नाही, मी हट्टालाच पेटले. परत सगळं, पहिल्यापासून!

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून होडीत येऊन बसली. आता ती छत्री धरायची, मी झोडायची. कागद बाटलीच्या आत, आणि पेन्सिलीने, कारण शाई स्पिरीटमध्ये विरघळते. चौथी शिकलेली आई अक्षर अक्षर लावून लिहायची: साल, शेंडा, खाली. रविवार पुरेनात, म्हणून बुधवारीही जायला लागलो. दिवाळीनंतर प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. पास झाले, तेव्हा रडले.

पुढच्या गणपतीआधी आई झाडू घेऊन कोपऱ्यातल्या जाळ्याखाली थांबली होती.

"ह्येचा लिवन झाला काय गो? मगे झाडतंय."

माझा निकाल लागून दोन महिने झाले होते. तरी मी म्हटलं, "नाही गं, राहिलंय."

त्या वर्षी आमचा गणपती त्या जाळ्याखालीच बसला.