सगळ्यांचं झालं की मी

‘सोन्यासारखं मरण आलं हो तुमच्या जाऊबाईंना,’ असं गेल्या महिना-सव्वा महिन्यात मला इतक्या जणींनी सांगितलंय, की आता कुणी भेटायला येताना दिसलं तरी मी आधण ठेवायच्या निमित्तानं आत पळते. अंथरुणाला खिळल्या नाहीत, कुणाकडून सेवा करून घेतली नाही, लेक-जावई, मुलगा-सून, नातवंडं सगळी घरात जमलेली, कपाळावर कुंकू घेऊन गेल्या, आणखी काय हवं बाईच्या जातीला... असं म्हटलं की ऐकणारीनं मान डोलवायची असते. मी डोलवत नाही. मला मुळातच तोंडावर बोलायची खोड आहे. त्यावरून शैलावहिनींनी मला आयुष्यभर टोमणे मारले. आता त्यांच्याबद्दलच लिहायचं तर गोडगोड लिहिणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

शैलावहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले ती मार्गशीर्षातल्या थंडीत. खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब बाहेर यायचा नाही, अशी ती थंडी. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. वहिनी अंधारात उठून त्यात नारळाच्या शेंड्या आणि लाकडाच्या ढलप्या सारायच्या. मग नंबर लागायचे. आधी सासरे, मग दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, मग माझे मिस्टर, मग सासूबाई, मग मी. वहिनी सगळ्यांत शेवटी, तळाशी उरलेल्या कोमट, धुरकट वासाच्या पाण्यानं. चार दिवस बघितलं आणि मी म्हटलं, ‘वहिनी, उद्या तुम्ही आधी जा.’ त्या फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, ‘आणि चहा कोण टाकणार, तू? कालचा तुझा चहा पिऊन मामंजींनी मृत्युपत्राचा विषय काढला.’ आणि पुढे त्यांचं ते ठरलेलं वाक्य, ‘सगळ्यांचं झालं की मी.’ जेवताना तेच, साड्या निवडताना तेच. लोकांना वाटायचं, गरीब गाय आहे बिचारी. गाय कसली? शेवटी राहणारीच्या हातात सगळं घर असतं. कुणी कधी उठायचं, कुणी किती पाणी घ्यायचं, हे त्याच ठरवायच्या. तो त्यांचा मान होता आणि तो त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

पुढे दादांनी हडपसरला फ्लॅट घेतला. बंब मोडीत गेला आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर आला, नळ सोडला की भप्पकन पेटणारा. वहिनींना त्याचं कोण कौतुक. ‘आता कितीही माणसं येऊ देत, पाणी संपायचं नाही.’ आणि माणसं यायचीच. दिवाळी ज्याची त्याला, पण नाताळची सुट्टी वहिनींची, हा आमच्या घरातला अलिखित कायदा. मुंबईहून मुलगा मंदार, सून सई आणि नात मिहिका, नागपूरहून लेक-जावई आणि त्यांची दोन मुलं. माझे मिस्टर गेल्यापासून पेठेतून मीही पिशवी घेऊन आठवडाभर मुक्कामाला. माळ्यावरचे स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट खाली यायचे. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मटारचा डोंगर पडायचा. सोलता सोलता जो दाणे खाईल त्याला करंज्या कमी, असा वहिनींचा हुकूम, आणि त्याच नातवंडांच्या मुठीत गुपचूप दाणे कोंबायच्या. कुकरमध्ये मीठ घालून केक व्हायचा. तो एका बाजूनं हमखास करपायचा आणि ती बाजू वहिनी खायच्या. बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचे गोळे, पत्त्यांत दादांची उघड उघड लबाडी... इतकं सुख होतं त्या घरात, की त्यात दुसरं काही असेल असं कुणाच्या मनात येणार?

पण होतं. आता मागे बघते तेव्हा दिसतं. एका सुट्टीत जावई आंघोळ करून बाहेर आले आणि पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत पॅसेजमध्ये मटकन खाली बसले. आम्ही काय केलं, तर वहिनींनी मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांची दृष्ट काढली. जावई उंचेपुरे, आदल्या दिवशी शेजारीण त्यांच्याकडे बघून ‘तब्येत छान झाली’ म्हणाली होती, मग आणखी पुरावा कशाला? मोहऱ्या तडतडल्या, जावयांना तासाभरात बरं वाटलं, दृष्ट उतरली. त्याच्या पुढच्या वर्षी सई. आंघोळ करून आली ती डोकं धरून, आणि बेसिनमध्ये भडाभडा ओकली. त्या वेळी तर घरात हास्याची लहर पसरली. वहिनींनी मला कोपरानं ढोसलं. मंदारला कुणी तरी पेढे आणायला सांगितलं. सई बापडी ‘नाही हो, तसं काही नाही’ म्हणत राहिली आणि वहिनी तिला आवळ्याची सुपारी चघळायला देत राहिल्या. तसं काहीच नव्हतं, हे पुढे कळलं. मग उलटीचं कारण काय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना गोड बातमीची घाई. माझंही त्या आठवड्यात रोज डोकं धरायचं. मी म्हणायचे, पित्त. बाकी वर्षभर त्या घरात कुणाला चक्कर येत नसे.

त्याचं कारण होती बाथरूमची खिडकी. आडव्या काचेच्या पट्ट्यांची, एरवी उघडी असायची. पण मिहिका लहान असताना पहिल्यांदा सुट्टीला आली आणि आंघोळीला बसवलं की ‘आजोबा, वारा येतो’ म्हणून रडायला लागली. मुंबईत वाढलेलं पोर, तिला आमची थंडी कशी सोसवणार? दादांनी त्याच दुपारी थर्माकोल आणून, मापात कापून, खिडकीवर चिकटपट्टीनं बसवला. तेव्हापासून दर नाताळच्या आधी खिडकी बंद करायची आणि थंडी सरली की काढायची, हे दादांचं काम झालं. इस्त्री केल्यासारखं सफाईदार बसवायचे. यंदा तर दुहेरी लावला होता. आत गेलं की उबदार वाटायचं, आणि आम्ही सगळ्यांनी दादांचं कौतुक केलं.

त्या दिवशी लोणी काळभोरला मंदारच्या मित्राच्या शेतावर हुरड्याला जायचं होतं. गाडी लवकर येणार म्हणून आंघोळी एकामागून एक, नळ बंद व्हायच्या आत पुढचा दारात उभा. वहिनी पॅसेजमध्ये टॉवेल घेऊन हाकारे घालत होत्या. मी बाहेर आले तेव्हा माझ्या कानशिलात ठोके पडत होते. म्हटलं, ‘वहिनी, आज राहू दे तुमची आंघोळ, हातपाय धुवा आणि चला.’ तर म्हणाल्या, ‘बिनआंघोळीचं शेतात नेतेस होय मला? तू हो पुढे. सगळ्यांचं झालं की मी आलेच.’ आम्ही खाली उतरलो. कोवळं ऊन पडलं होतं, मुलं गाडीत जागेवरून भांडत होती. वहिनी येईनात. दादा वर बघून म्हणाले, ‘अभ्यंगस्नान चाललंय बहुतेक. उटणं पाठवा कुणी तरी.’ आम्ही हसलो. चांगले मोठ्यानं हसलो. मग सई बोलवायला वर गेली आणि तिची हाक जिन्यातून खाली आली ती ऐकून मंदार चप्पल टाकून धावला... कडी तोडली तेव्हा नळ चालू होता आणि गीझरची निळी ज्योत शांतपणे जळत होती.

समोरच्या इमारतीतले डॉक्टर आले. त्यांनी वहिनींना तपासलं. मग उठून बाथरूममध्ये गेले, गीझरकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, ‘ही खिडकी कुणी बंद केली?’ दादा माझ्या शेजारीच उभे होते, हुरड्यासाठी घातलेला नवा स्वेटर अंगात, नजर वहिनींच्या पायांवर. त्यांनी प्रश्न ऐकलाच नसावा. मंदारनं घाईघाईनं डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार ओढून घेता घेता डॉक्टर म्हणाले तेवढं मी ऐकलं. बंद जागेत गॅसचा गीझर जळत राहिला की विषारी वायू साचतो, त्याला ना वास ना रंग, आणि प्रत्येक आंघोळीबरोबर तो वाढत जातो. शवविच्छेदन करायला हवं, असंही ते म्हणाले. ‘आईला फाडायचं नाही,’ मंदारचा आवाज आला. वहिनींना रक्तदाबाची जुनी गोळी होतीच. ते दोघं बाहेर आले तेव्हा हार्ट अटॅक ठरला होता.

आम्ही बायकांनी वहिनींना न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, ओटी भरली. गाल कसे गुलाबी दिसत होते. एरवी त्या सावळ्या, त्यात वयानं काळवंडलेल्या. ‘बघा, सवाष्णीचं तेज बघा,’ एक जण म्हणाली, आणि बाकीच्या पाया पडायला पुढे सरकल्या. पुढे मी त्या डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारलं. तो वायू अंगात भिनला की कातडी अशी लाल होते, म्हणाले. म्हणजे आम्ही ज्याच्या पाया पडलो ते विष होतं. तेव्हापासून कुणी ‘सोन्यासारखं मरण’ म्हणालं की मला ते गाल दिसतात.

तेराव्यानंतर मी मंदारला गाठलं. म्हटलं, तो गीझर आजच्या आज काढ आणि बाबांना खरं सांग. तो म्हणाला, ‘काकू, ती खिडकी त्यांनी स्वतःच्या हातानं लावली. हे त्यांना सांगायचं आणि मग दुसरा अटॅक खराखुरा बघायचा का?’ तरी मी दादांकडे गेले. ते वहिनींच्या स्वेटरची घडी घालत बसले होते. मी नुसतं म्हटलं, ‘दादा, तो गीझर आता काढू या.’ ते म्हणाले, ‘कशाला? इतकी वर्षं बिनतक्रार चालतोय. हिच्या हृदयाचा त्याच्याशी काय संबंध?’ घडी नीट बसत नव्हती. मी स्वेटर त्यांच्या हातातून घेतला, घडी घालून दिली आणि घरी आले. जिला उभ्या जन्मात कुणी गप्प करू शकलं नाही, ती मी.

यंदा संक्रांत नव्हती. मंदार आणि मिहिका मुंबईला गेले, शनिवार-रविवारी येतात. दादा एकटे राहू नयेत म्हणून सई हडपसरलाच थांबली आहे, लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते. खिडकीवरचा थर्माकोल मंदारनं त्याच दिवशी उपटून टाकला होता, म्हणून मी जरा निर्धास्त होते. परवा सईला फोन केला तर म्हणाली, ‘काकू, बाबांनी नवा आणून लावलाय. मी काढला, तर दुसऱ्या दिवशी परत लावला. म्हणाले, तू सकाळी कुडकुडतेस, सर्दी झाली तर मंदार मला काय म्हणेल? इतक्या मायेनं लावतात, त्यांना काय सांगून काढू?’ म्हटलं, गॅसवर पातेल्यात पाणी तापव. तर, ‘गीझर असताना भांडी कशाला काळी करतेस, असं म्हणतात. आणि आता थंडी संपतच आली, पुढच्या दिवाळीला बघू गीझरचं. मी पटकन आटपते हो काकू. आधी बाबांचं होतं, सुट्टीला आले की मंदारचं, मिहिकाचं. सगळ्यांचं झालं की मी जाते.’ आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं नाही. वर ती सहज म्हणाली, ‘आज डोकं जरा जड आहे, झोप झाली नाही ना.’

हे सगळं मी घरातल्या घरात बोलायला हवं होतं, चव्हाट्यावर का आणलं, असं मंदार म्हणेल. म्हणू दे. तो माझ्याशी बोलणं टाकेल, तेही मी धरून चालले आहे. वहिनींना मी परत आणू शकत नाही, पण त्यांचा नंबर त्या पोरीला लागू देणार नाही. दादांना तोंडी सांगितलेलं कधीच पटत नाही, छापून आलेलं पटतं. रविवारी सकाळी आपली आंघोळ उरकून ते गॅलरीत पुरवणी घेऊन बसतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून हे इथे लिहिलं.

दादा, नातीला वारा लागू नये म्हणून तुम्ही खिडकी लावलीत. आम्ही सगळ्यांनी ती बघितली आणि वर छान ऊब आहे म्हणालो. त्याचं काय वाटायचं ते आपण मग वाटून घेऊ, मी येते, तुमच्याजवळ बसते, हवं तेवढं रडू. पण आत्ता पुरवणी खाली ठेवा. मंदार-मिहिकाचं झालं असेल, आत नळ चालू असेल. उठा, आणि आधी सईला हाक मारा.