पावती म्हणजे प्रवेश

नवऱ्याची चिप कंपनीतली नोकरी गेली आणि त्याला निम्म्या पगारावर कॉन्ट्रॅक्टचं काम मिळालं, तेव्हा मी ठरवलं की आता घरात बसून चालायचं नाही. मुलगी अकरावीत जाणार होती. तिला पुढे चांगल्या विद्यापीठात पाठवायचं होतं, आणि आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी मदत मिळायची नाही. मला काम करायची परवानगी होती, पण काम नव्हतं. माझ्या नागपूरच्या एम.एस्सी.ला इथे चँडलर शहरात कुत्रंही विचारत नव्हतं.

मराठी मंडळातल्या एका रिटायर्ड डॉक्टर काकांनी मार्ग सुचवला. "अगं, कम्युनिटी कॉलेजमध्ये सोनोग्राफीचा दोन वर्षांचा असोसिएट कोर्स कर. हॉस्पिटल्समध्ये कायम डिमांड असते, आणि फी पण रीझनेबल." काकू शेजारीच बसल्या होत्या. "एम.एस्सी. करून आता डिप्लोमा?" असं म्हणून त्यांनी भुवया उंचावल्या. मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले, कारण काकूंशी भांडता येत नव्हतं.

बेत सरळ होता. दोन वर्षांत शिकून नोकरीला लागायचं, तोवर मुलगी बारावी होईल, आणि तिची फी माझ्या पगारातून जाईल. मी ऑनलाइन विषय निवडले, ॲनाटॉमी, फिजिक्स वगैरे, आणि कार्डाने फी भरली. पाच मिनिटांत पावती आली.

आता आमच्याकडे ॲडमिशन म्हणजे काय असतं? यादीत नाव लागतं, वडील खिडकीशी रांगेत उभे राहून फी भरतात, आणि पावती हातात पडली की जागा आपली. मग ब्रह्मदेव आला तरी ती काढून घेऊ शकत नाही. माझ्या वडिलांनी माझी पावती देवापुढे ठेवली होती. नवराही असाच शिकलेला, त्यामुळे त्यालाही शंका आली नाही. तो इंडियन स्टोअरमधून पेढे घेऊन आला आणि मंडळाच्या गणपतीत मी ते सगळ्यांना वाटले. काकूंना मुद्दाम दोन दिले.

वर्षभर मी मान मोडून अभ्यास केला. वर्गातली मुलं माझ्या लेकीपेक्षा जेमतेम मोठी. ती फोनवर खेळत बसायची आणि मी हाडांची नावं पाठ करायची. सगळ्या विषयांत ए मिळाला. मग उन्हाळ्याच्या तोंडाला मी कॉलेजच्या ॲडव्हायजरकडे गेले आणि विचारलं, "हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग कधी सुरू होणार?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "तुम्ही प्रोग्रॅमला अप्लाय केलंय का?"

"म्हणजे? मी वर्षभर फी भरतेय."

"ते तयारीचे विषय झाले. त्यांना कुणीही बसू शकतं."

सोनोग्राफीच्या जागा मोजक्याच. त्यांचा अर्ज वेगळा, वर्षातून एकदाच भरायचा, आणि यंदाची मुदत हिवाळ्यातच संपलेली. "सगळं वेबसाइटवर आहे," ती अगदी प्रेमाने म्हणाली. त्या प्रेमळपणाचा मला असा संताप आला की टेबल उलथून टाकावं. तिची बिचारीची काही चूक नव्हती. बाहेर येऊन मी तापलेल्या गाडीत बसले आणि हुंदके देऊन रडले. एवढी शिकलेली बाई मी, आणि मला साधी चौकशी करता आली नव्हती.

"असं कसं? पैसे घेतले ना त्यांनी?" नवरा पुन्हा पुन्हा हेच विचारत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात मी अर्ज केला आणि वेटिंग लिस्टवर गेले. मंडळात जाणं मी बंदच केलं, कारण तिथे जो तो "काय, झाला का कोर्स?" विचारायचा. त्याच सुमारास मुलीला दुसऱ्या राज्यातल्या ॲन आर्बरच्या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला. "आई, आय गॉट इन!" म्हणत ती स्वयंपाकघरात धावत आली. मी तिला घट्ट मिठी मारली. तिथल्या खर्चाचा आकडा बघून आम्ही नवरा-बायको दोन रात्री हिशेब मांडत बसलो. इथलं राज्याचं विद्यापीठही एका कॉन्ट्रॅक्टच्या पगारात बसत नव्हतं.

शेवटी मुलगीच म्हणाली, "इट्स ओके, आई. आधी दोन वर्षं तुझ्याच कॉलेजमध्ये करते, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. लॉट्स ऑफ पीपल डू दॅट." तिने आदळआपट करावी, मला वाटेल ते बोलावं, असं मला फार वाटत होतं. ती शांतपणे ॲन आर्बरला नकार कळवून मोकळी झाली.

ऑगस्टमध्ये तिची फी हप्त्यांनी भरायची सोय करून घ्यायला आम्ही दोघी कॉलेजात गेलो. काउंटरवरच्या बाईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसून विचारलं, "तुमच्यापैकी स्टुडंट कोण?"

"बोथ ऑफ अस," मुलगी म्हणाली. वेटिंग लिस्टवरचं माझं नाव मी सकाळीच काढून टाकलं होतं. एका पगारात दोघींची फी होणार नव्हती. घरी मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"फक्त ही," मी म्हटलं.

मुलीने माझा दंड धरला. "आई, नको ना असं करू. प्लीज." पण तोवर मी कार्ड पुढे केलं होतं, आणि त्या इमारतीत पुन्हा स्वतःसाठी पाऊल टाकायची उमेद माझ्यात उरलेली नव्हती.