आप्पांची उचकी

आमचे आप्पा एकदा बोलले की बोलले. लातूर वेगळा जिल्हा झाल्यावरही वर्षभर ते पाकिटांवर 'जिल्हा उस्मानाबाद'च लिहीत. कुणी टोकलं तर म्हणत, "सरकारनं मला इचारलं होतं का?" आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्यापुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

रिवाजांच्या बाबतीत तर विचारूच नका. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांची एकुलती लेक शकूअक्का मुदखेडला दिलेली. तिची कूस काही उजवेना, आणि आप्पा दर खेपेला फिरकीचा तांब्या भरून नेत. एका वर्षी दुष्काळ पडला, आमच्याच घरी घागरभर पाण्याची मारामार, तरी तांब्या काठोकाठ. अक्का पेला घेऊन उभी राहायची आणि तसाच आत न्यायची. मला आप्पांचा भारी राग यायचा.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा दमा उसळला. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आणि आप्पांना उचकी लागली. साखर खाल्ली, श्वास कोंडला, कोण आठवण काढतंय म्हणून साऱ्या पाहुण्यांची नावं घेऊन झाली, उचकी हटेना. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

"या गोळ्यांनी क्वचित एखाद्याला होतं असं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या संपल्या की थांबेल. पाणी पिऊन उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी अक्काच्या जावेच्या मुलाचं बारसं होतं. आप्पा उचक्या देतच माझ्याबरोबर मुदखेडला आले. घर बायकांनी भरलेलं. बापाची उचकी ऐकून अक्का लगबगीनं पेला घेऊन आली आणि रीत आठवताच दारात थबकली. एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "कशाला पेला धरून राहिलीस गं? तुझ्या घरचं न्हाई प्यायचे ते."

अक्काची मान खाली गेली.

"आण हिकडं," आप्पा म्हणाले. पेला घटाघटा रिकामा केला. उचकी आलीच. "न्हाई थांबली. आणिक आण." दुसरा प्याले, तिसरा मागितला. अक्का रडतही होती, हसतही होती. मला आप्पा इतके कधीच आवडले नव्हते.

परतताना मी म्हणालो, "आप्पा, पाण्यानं थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते की."

"मला का ऐकू येत न्हाई व्हय?" म्हणाले, आणि पुन्हा उचकी दिली.

पुढं गोळ्या संपल्या, उचकीही गेली. अक्काला मूल झालं नाही ते नाहीच. पण आप्पा होते तोवर मुदखेडला गेले, की चपला काढायच्या आधीच ओरडायचे, "शकू, पाणी आण गं!"