डोळे मिटून निवडलेला गणपती

आषाढातला रविवार, पेण. हजर: आमच्या रोह्याच्या सोसायटीचे अध्यक्ष, खजिनदार, शेजारच्या काकू आणि मी. सोसायटीचा गणपती ठरवायचा होता.

कारखान्यात अध्यक्ष एका भल्यामोठ्या मूर्तीपाशी थांबले. "समोरच्या सोसायटीनं अशीच घेतलीय." आम्ही माना डोलावल्या. मला मात्र कोपऱ्यातली शाडूची छोटी मूर्ती हवी होती.

मूर्तींचे डोळे आखणाऱ्या बाईंनी कुंचला कानामागे खोचला. "डोळे मिटा नि आवडलेल्या मूर्तीकडं बोट दाखवा."

डोळे उघडले तर चारही बोटं शाडूच्या मूर्तीकडे. अध्यक्षांचंसुद्धा!

बाई हसल्या. "सगळ्या कमिट्यांचं असंच हाय. बोट छोट्याकडं, टेम्पोत मोठा."

"पण लोक काय म्हणतील?" काकू पुटपुटल्या. आम्ही पुन्हा माना डोलावल्या आणि मोठ्याचं बुकिंग केलं.

ते बुकिंग बदलण्यासाठी फोन करायचा अजून राहिलाय.