गोटीरामांनी बसवलेलं चित्र

गोटीराम मूळचे सायखेड्याचे. सातवीनंतर नाशिकला आले आणि एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले. १९९१ मध्ये नाशिकरोडच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर, त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा भिंगं काचेचीच असत. जास्त नंबरवाल्यांच्या नाकावर वळ उठायचे. पुढे प्लास्टिकची भिंगं आली, फ्रेमा हलक्या झाल्या, पण गोटीरामांची पद्धत बदलली नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत ताठ बसवायचं, समोर बघायला लावायचं आणि काचेवर बुबुळाच्या बरोबर समोर पेनाने ठिपका द्यायचा.

माझ्या मुलीला, हर्षालीला, पाचवीत चष्मा लागला, तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडे जातो. २००४ मध्ये ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट म्हणजे डोक्यावर घालायचं एक यंत्र: जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातला नखाएवढा पडदा आणि त्यापुढे अर्धवट आरशासारखी तिरकी काच. घातलं की उजव्या डोळ्याला समोरच्या खऱ्या वस्तूंवर वायरिंगचा नकाशा तरंगताना दिसे. तिचे बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. तिथल्या फिटरने ते घालून शिडीवर चढायचं आणि नकाशा हातात न धरता काम करायचं, अशी कल्पना. पहिलं यंत्र तिने हेल्मेटवर बांधलं, तर मान दुखली. दुसरं टोपीवर बांधलं, तर टोपी पुढे घसरायची. आता तिला ते चष्म्याच्या फ्रेमवर हवं होतं, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

माझी काळजी वेगळी होती. वर्षभरात तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर दीडने वाढला होता. यंत्र घालून ती तासन्‌तास बसायची आणि उठली की भिंत धरायची. मी तिच्याआधी एकटीच गोटीरामांकडे गेले. हे फ्रेमवर बसत नाही असं तिला सांगून टाका, म्हटलं.

ते हातातली काच पुसत राहिले. "वहिनी, बसत नसंल तर नाय म्हणीन. पण बसत असून नाय म्हटलं, तर उद्या मी सांगितलेला नंबर तरी तिला खरा वाटंल का?"

त्यांनी ते बसवलं. बॅटरी मानेमागे नेली, नाकावरचे पॅड रुंद केले आणि सवयीने चित्र बुबुळाच्या बरोबर समोर आणलं. खुर्चीत बसून हर्षालीने सगळा नकाशा वाचून दाखवला. ती तशीच जिना उतरायला लागली आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली. कोपर सोललं, फ्रेमची काडी वाकली.

मी गोटीरामांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हर्षालीच मधे पडली. "आई, त्यांना नको बोलूस. चित्राआड मला पायरी दिसलीच नाही."

"मग चूक माझीच हाय," गोटीराम म्हणाले. "मी चष्मा केला. चष्म्यातून माणूस सारखं बघतो. ह्यातून लागंल तवाच बघायचं."

आधी त्यांच्या मनात आलं, बायफोकलला वाचायचा तुकडा असतो तसं चित्र खाली न्यावं. पण बायफोकलवाले म्हातारे त्यांच्याच जिन्यावर अडखळताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. म्हणून त्यांनी चित्र वर नेलं, भुवईच्या बाहेरच्या टोकाला. डोळा मुद्दाम वर केला तरच दिसेल असं. मग तिच्या नंबरच्या काचा काढून, ते यंत्र घालून स्वतः दहा वेळा जिना चढले-उतरले. शेजारचा शिंपी त्यांना विचारत होता, काय, नवस फेडताय का?

शेवटी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "आता तुमी उतरा. तुमी नाय म्हणाल तर मी तिला देनार नाय."

मी कठडा धरून उतरले. प्रत्येक पायरी दिसली. खाली पोचल्यावर डोळा वर केला तेव्हा नकाशा होता. मला नाही म्हणता आलं नाही.

एकलहऱ्याला चिमाजी फिटर ते घालून शिडीवर चढला. गोटीराम दुकान बंद करून आले होते, शिडी धरून उभे राहिले. चिमाजीने तीनदा वर बघितलं, वायर जोडली आणि नीट खाली उतरला. हर्षाली पास झाली.

जूनमध्ये गोटीरामांनी तिचा नंबर तपासला. पावने वाढला होता. यंत्रामुळे का, मी विचारलं.

"ते मला सांगता येत नाय," ते म्हणाले. "डिसेंबरात परत आणा."