चौथा पाय

सारंगखेड्याच्या यात्रेत आमच्या घोडीभोवती माणसं जमू लागली, तशी मी मागे मागे सरकू लागले.

घोड्यासाठी लोक एवढे पैसे का मोजतात, हे मला कधी पटलेलं नाही. ट्रॅक्टर निदान शेत नांगरतो; घोडी खाते आणि मिरवते. पण जाणकार तिच्या कानांची टोकं जुळतात का ते बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे शोधतात, तिच्या आईची आई कोणाच्या दावणीला होती ते विचारतात. त्यात चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं की ती पंचकल्याणी, घरात लक्ष्मी आणणारी. मग घोडी तीच, चारा तोच, पण किंमत बंगल्याची.

आमची घोडी जन्मली तेव्हा तिचे तीनच पाय पांढरे होते. चौथा मी केला.

आबा, म्हणजे माझे वडील, ऑपरेशननंतर पाच-सहा महिने जळगावला, मेहरूणमध्ये माझ्या बहिणीकडे होते. धरणगावला घोडी माझ्या गळ्यात. ती लाथा झाडायची आणि मी भित्री. एके सकाळी मागच्या पायांची दोरी करकचून बांधली आणि शाळेत शिकवायला गेले. परतले तर दोरी त्या चौथ्या पायाच्या मांसात रुतलेली. हळद, तेल, मलम, सगळं केलं. जखम भरली, पण तिथे केस आले ते पांढरेशुभ्र. वळ केसांत झाकला गेला. आबा परत आले, पाय आपोआपच पांढरा झाला असं समजून त्यावरून हात फिरवत म्हणाले, "दत्तनी किरपा!" मी भित्री ती भित्रीच, गप्प बसले.

आता गुजरातकडचा एक म्हातारा व्यापारी आबांशी उपरण्याखाली बोटं दाबून भाव करत होता. आबांचा चेहरा फुलत चालला होता. जन्मजात पांढऱ्या पायाची कातडी गुलाबी असते, ओला केला की दिसते. आणि पाण्याची बादली दोन पावलांवर होती. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं लक्ष त्या बादलीवरून हलेना. पण व्यापारी पायाकडे बघतच नव्हता. आबांनी सांगितलं म्हणजे बघायचं कशाला, असा त्यांचा यात्रेत चाळीस वर्षांचा लौकिक. तोच आज माझ्यापायी विकला जात होता.

"आबा," मी पुढे होऊन म्हटलं, "तो पाय दत्तनी किरपा नही शे. दोरी मीच घट्ट बांधेल व्हती."

आबांचा हात उपरण्यातून बाहेर आला. त्यांनी स्वतः बादली ओढली आणि पाय भिजवला. केसांखाली काळी कातडी, मधोमध दोरीचा वळ. व्यापाऱ्याने आबांना हात जोडले आणि तो पुढच्या घोड्याकडे गेला.

घोडी घेऊन आम्ही टेम्पोतून परत निघालो. धुळं मागे पडलं तरी आबांची नजर रस्त्यावरच होती. त्यांच्या शिव्या मी मनात आधीच ऐकून ठेवल्या होत्या. शेवटी त्यांनी मागे वळून काचेतून घोडीकडे पाहिलं.

"दोरी रुतनी तवय तिले भलतं दुखनं व्हई, ना माय?"